पाटल्या, पिग्मी आणि अर्धा लिटर दूध

पैशाबद्दल चारचौघांत बोलायला कोल्हापूर लाजत नाही. टोल नको म्हणून हे शहर वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरलं आणि शेवटी टोल घालवूनच घरी गेलं. २०१९ च्या अखेरीस तर मटणाच्या दरावरून आंदोलन उभं राहिलं. कृती समिती, बैठका, निवेदनं, सगळं रीतसर. पुण्या-मुंबईकडच्या लोकांना त्याचं हसू आलं. इथं मात्र तो विषय गंभीरच होता. पण त्याच महिन्यांत या शहरात आणि भोवतालच्या गावांत आणखी एक आकडेमोड चालली होती, आणि ती दार लावून चालली होती.

त्या वर्षी वाहन उद्योगात मंदी होती. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलकडची वसाहत इथल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप मोठ्या प्रमाणात गाड्यांच्या सुट्या भागांवर चालतात. तिकडं गाड्या खपेनात की इकडं ओव्हरटाइम बंद होतो, मग एक पाळी बंद होते, मग आठवड्याला एकाऐवजी दोन सुट्ट्या येतात. त्यावर ऑगस्टात पूर आला. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फुटांची. पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कितीतरी दिवस पाण्याखाली होता. ज्यांच्या घरात पाणी आलं त्यांचे पंचनामे झाले. ज्यांच्या घरात पाणी आलं नाही पण पगारात खाडे पडले, त्यांचा पंचनामा कोण करणार?

माझ्या आत्तीचं घर या दुसऱ्या प्रकारातलं. उचगावात दोन खोल्या आणि वर एक अर्धवट बांधकाम. दादा मशीन शॉपला. ओव्हरटाइमसकट २९ हजार यायचे, ते २० वर आले. वहिनी शाहूपुरीत एका सीएच्या ऑफिसात व्हाउचरं लिहिते, तिचे ८ हजार. दोन पोरं शाळेत. आणि आत्ती. ती जुन्या कोल्हापुरी बायकांसारखी स्वतःबद्दल ‘मी गेलो, मी आलो’ असंच बोलते, आणि घर अजून तीच चालवते.

त्या डिसेंबरात सासू-सुनेचं जे बोलणं झालं त्याला मी बराचसा साक्षी होतो. भांडण म्हणवत नाही. कारण दोघींनाही कर्ज फेडायचंच होतं.

वहिनीनं सुरुवात वहीपासून केली. “आई, २८ हजार येतात. घराचा हप्ता ९,४००. गाडीचा ३,१००. टीव्ही आणि मोबाइलचा १,६००. आणि त्या माणसाला व्याज २,०००. झाले १६,१००. शंभरातले सत्तावन्न रुपये दारातनंच परत जातात. वर तुमची पिग्मी दीड हजार. उरलेल्या दहा-साडेदहा हजारांत पाच माणसं.”

“मग मी काय उधळायलोय व्हय?” आत्ती म्हणाली. “दूध अर्धा लिटर कमी केलं. सिलेंडर दीड महिना पुरवतो. पोह्यांतले शेंगदाणे बंद. आणि काय कमी करू, तू सांग.”

“दुधाचे महिन्याला ७२० रुपये वाचतात. मी लिहून ठेवलंय. पण ते वाचले त्याच महिन्यात व्याजाचे दोन हजार गेले. मुद्दल आहे तिथंच.”

हा ‘तो माणूस’ म्हणजे गल्लीच्या टोकाचा एक देणारा. पुराच्या महिन्यात पगार अर्धा झाला, घराचा हप्ता बाऊन्स झाला, बँकेनं दंड लावला, आणि आत्तीनं कुणाला न सांगता ४० हजार उचलले. शेकडा पाचनं. बोलताना पाच हा आकडा लहान वाटतो, कारण तो महिन्याचा असतो. वर्षाचे ६० टक्के झाले. महाराष्ट्रात सावकारीचा २०१४ चा कायदा आहे. परवाना असलेल्या सावकारालासुद्धा शेतकरी नसलेल्या माणसाला बिनतारण कर्ज देताना वर्षाला १८ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. बिनपरवाना धंदा हा तर गुन्हाच, आणि तक्रार करायची ती सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे. वहिनीला हे सगळं ऑफिसातल्या कामामुळं माहीत होतं आणि तिनं ते सांगितलंही.

आत्तीनं ऐकून घेतलं. “पुरात माझ्या दारात पैसे घेऊन तो आला. तुझे उपनिबंधक आले न्हाईत.”

“तो आला, कारण त्याला आपली गरज ठाऊक होती.”

“ठाऊक होती म्हणूनच आला की. बँकेला ठाऊक नव्हती?”

यावर वहिनीकडं उत्तर नव्हतं. कागदपत्रं, हमीदार, पगाराची स्लिप हे सगळं जमवेपर्यंत पंधरा दिवस जातात, आणि खासगी देणाऱ्याचा सगळा धंदा त्या पंधरा दिवसांवर चालतो.

वहिनीचा उपाय साधा होता. आत्तीच्या दोन तोळ्यांच्या पाटल्या बँकेत ठेवायच्या. त्या वेळी तोळा पस्तीस हजारांच्या पुढं गेला होता. सोन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळायचं, म्हणजे ४० हजार सहज. व्याज वर्षाला बारा टक्के धरलं तरी महिन्याचे ४०० रुपये. दोन हजारांचे चारशे. “एका सकाळच्या कामात महिन्याचे सोळाशे वाचतात, आई. दूध दोनदा परत सुरू केलं तरी पैसे उरतील.”

गणित इतकं सरळ असताना आत्ती नाही का म्हणत होती, हे कळायला तिचं माहेर समजून घ्यावं लागतं. ती करवीर तालुक्यातल्या उसाच्या घरातली. तिथं पैसा महिन्याला येत नाही. ऊस कारखान्याला जातो, बिल बँकेत येतं, आणि घरात यायच्या आधी गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज त्यातून कापून घेतलं जातं. हातात येतं ते देणं वजा होऊन. त्या पैशातून वर्षाची ज्वारी, वर्षाचे कपडे, एप्रिलात संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची घेऊन डंकावर कुटून आणलेली वर्षाची चटणी. पुढच्या बिलापर्यंत त्यात भागवायचं. अशा घरात बाईचं कसब एकच: आहे ते पुरवणं. कर्ज किती, कुठल्या दरानं, हा तिच्या हातातला प्रश्नच नसायचा. तो सोसायटीच्या सचिवाच्या आणि नवऱ्याच्या मधला. तिच्या हातात भांडं होतं, मोजमाप होतं. आणि अंगावरचं सोनं होतं, ज्याला सोसायटीचा सचिव हात लावू शकत नव्हता.

वहिनी पगाराच्या घरात वाढलेली. वडील एसटीत. तिच्यासाठी पैसा दर महिन्याला येतो आणि दर महिन्याला त्याचं काय करायचं हे ठरवता येतं. म्हणून तिला दर दिसतो, तारीख दिसते. हप्त्याची तारीख पाच आणि कंपनीचा पगार सात तारखेनंतर, एवढ्या एका कारणावरून दर दोन-तीन महिन्यांनी बाऊन्सचा दंड बसत होता. बँकेचा वेगळा, कर्ज देणाऱ्याचा वेगळा. तिनं एक अर्ज देऊन हप्त्याची तारीख दहा करून घेतली. दंड बंद. घरातल्या कुणाच्याही ताटातलं काही कमी न होता पैसे वाचले, आणि गंमत म्हणजे या बचतीचं कौतुक कुणीच केलं नाही. काटकसर म्हणजे काहीतरी सोसणं, हा समज आपल्याकडं फार घट्ट आहे.

“सोनं गहाण टाकायला माझी हरकत न्हाई,” आत्ती दुसऱ्या दिवशी म्हणाली. म्हणजे रात्री विचार झाला होता. “दोनदा टाकलोय आणि दोनदा सोडवून आणलंय. पण एक सांगतो. गहाणाचा पैसा ज्या देण्यासाठी उचलतात, त्या देण्यापर्यंत पोचत न्हाई. मधी त्याला गाडी भेटते. टीव्ही भेटतो.” हे बोलताना तिनं दादाकडं बघितलं नाही, पण दादा उठून बाहेर गेला.

“तुम्ही पिग्मी बंद करा,” वहिनी म्हणाली. “रोज पन्नास रुपये भरता. त्याला व्याज किती? तीन-साडेतीन टक्के. आणि इकडं साठ टक्क्यांनी देताय. पिग्मीत २२ हजार पडून आहेत, आई. उद्या काढले तर निम्मं देणं आजच फिटतं.”

हिशेबात तोड नव्हती. पण पिग्मी म्हणजे काय, हे कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको. संध्याकाळी एजंट दारात येतो, पन्नास-शंभर नेतो, यंत्रातून निघालेली चिठ्ठी हातात देतो. तो पैसा घरातून गेलेला असतो. त्यामुळं नवऱ्याला दिसत नाही, पाहुण्याला उसना देता येत नाही, यात्रेला खर्चता येत नाही.

“निम्मं फिटेल,” आत्ती म्हणाली. “आणि जानेवारीत पोरगं आजारी पडलं तर? फेडलेलं देणं दवाखान्यात नेऊन दाखवू? परत त्याच्याच दारात जायचं, आणि या खेपेला तो सहानं देणार. जवळ थोडं असलं की माणूस वाकत न्हाई.”

इथं मला आत्तीचं म्हणणं पटलं, आणि अजूनही पटतं. कागदावर साठ टक्क्यांचं कर्ज असताना तीन टक्क्यांची ठेव ठेवणं वेडेपणाच. पण ज्या घरात अडीनडीला दुसरं दार नाही, तिथं ती ठेव व्याजासाठी नसतेच. सगळं फेडून मोकळं झालेलं घर पुढच्या आजारपणाला पुन्हा त्याच माणसाकडं जातं, हे कुठल्याही गल्लीत बघायला मिळतं. शेजारच्या दोघी-तिघी गटाच्या कर्जात याच वाटेनं अडकल्या होत्या. एक हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचा गट, दुसऱ्याचा भरायला तिसऱ्याचा. पुरानंतर त्या कर्जांच्या माफीसाठी बायकांनी मोर्चेही काढले.

कर्जमाफीचा विषय निघाला की दादाला मात्र बोलायला सुचायचं. त्याच डिसेंबरात सरकारनं शेतकऱ्यांचं दोन लाखांपर्यंतचं थकीत कर्ज माफ करण्याची घोषणा केली होती. “शेतकऱ्याचं माफ होतंय. कामगाराचं कोण करतंय काय?” तो म्हणाला. “तुझ्या मामानं दरवर्षी वेळेत भरलं,” आत्तीनं सुनावलं, “त्याला तरी कुठं काय मिळालं?” विषय संपला.

आहेरावरून अर्धा तास गेला. लग्नसराई तोंडावर होती आणि वहिनीला पाच लग्नांचे आहेर निम्म्यावर आणायचे होते. आत्तीच्या मते आहेर हा खर्चच नव्हे; तिच्याकडं वही आहे, कुणी किती घातले ते त्यात लिहिलेलं आहे, आणि ते परत करायचेच असतात. “ते पण देणंच की. त्याचा हप्ता न्हाई एवढंच.” वहिनीनं या मुद्द्यावर माघार घेतली. मला वाटतं घ्यायला नको होती. ज्यांना वीस वर्षांपूर्वी ५१ रुपये आले त्यांना आज हजार घालणं ही परतफेड नव्हे, ती चढाओढ आहे. शाहू महाराजांच्या या गावात सत्यशोधक पद्धतीनं साधी लग्नं लावण्याची परंपरा आहे, पण आहेराची वही त्या परंपरेला पुरून उरली.

खरी ठिणगी पडली ती चहावरून. मी गेलो की आत्ती मला दुधाचा चहा देते, स्वतः कोरा घेते, आणि विचारलं तर म्हणते, मला पित्ताचा त्रास आहे. त्या दिवशी वहिनीनं सगळ्यांसमोर विचारलं, “पित्त ऑगस्टपासनंच कसं काय सुरू झालं, आई?”

आत्ती गप्प.

“अर्धा लिटर दूध कमी केलं म्हणता. कुणाचं केलं? पोरांचा पेला तेवढाच आहे. यांचा सकाळचा आणि रात्रीचा चहा तसाच आहे. बुधवार-रविवार मटण येतंय, ते पाव किलोनं कमी झालं असेल, पण रस्सा वाढलाय आणि फोडी यांच्याच ताटात. कमी झालं ते तुमचं आणि माझं. आणि का, तर शेजारी विचारायला नको. मटण आणायचं बंद झालं तर गल्लीला कळेल. कोरा चहा कुणाला कळतोय?”

मला या सगळ्या बोलण्यातलं सर्वांत खरं वाक्य हेच वाटतं. स्वयंपाकघरातली काटकसर बहुतेक घरांत कर्ज फेडायला उपयोगी पडत नाही. ती कर्ज झाकायला उपयोगी पडते. दारातली गाडी दिसते, भिंतीवरचा टीव्ही दिसतो, हातातल्या पाटल्या दिसतात, तालमीची वर्गणी तर फलकावर नावासकट दिसते. म्हणून त्यांना हात लागत नाही. ज्याला हात लागतो ते पातेल्याच्या आत असतं. आणि जोवर बाहेर काही दिसत नाही, तोवर घरातल्या कमावत्या माणसालाही आपण किती खोलात आहोत हे नीट कळत नाही. दादाला त्या चाळीस हजारांबद्दल नोव्हेंबरपर्यंत काहीच माहीत नव्हतं. त्याच्या मते घर व्यवस्थित चाललं होतं, कारण आई चालवत होती.

आत्तीनं बऱ्याच वेळानं तोंड उघडलं. “झाकलं म्हणून टिकलं,” ती म्हणाली. “उघडं केलं असतं तर त्यानं कामावर जायचं सोडलं असतं. बापाचं तसंच झालं होतं.” माझ्या काकांचा तो काळ मला आठवतो, आणि तिचं म्हणणं खोटं नाही.

शेवटी जे ठरलं ते दोघींच्या मताचं नव्हतं. पाटल्या बँकेत गेल्या. पैसे आत्तीनं स्वतःच्या खात्यावर घेतले, दादाच्या नव्हे, आणि वहिनीला बरोबर घेऊन त्याच दुपारी त्या माणसाचं देणं चुकतं केलं. कोरा धनादेश त्याच्याकडं होता तो परत मागून घेऊन फाडला. हे वहिनीनं आठवणीनं केलं, नाहीतर असे धनादेश पुढं बाहेर निघतात. वाचलेले सोळाशे दुसरीकडं न वळवता सोन्याच्या कर्जातच भरायचे ठरले. पिग्मी चालू राहिली. दादा कंपनीच्या बसनं जायला लागला. मटण फक्त रविवारी. गल्लीत कुणीतरी विचारलंच, तर आंदोलन चालू होतं, दर वाढलाय म्हणून आम्ही बंद केलंय असं सांगायची सोय होती.

मार्चच्या शेवटी टाळेबंदी आली आणि फाउंड्र्यांची धुरांडी एकदम थंड झाली. रिझर्व्ह बँकेनं हप्ते पुढं ढकलायची सवलत जाहीर केली, आधी तीन महिने, नंतर ऑगस्टअखेरपर्यंत. लोकांनी ती माफी समजून घेतली. या खेपेला पारडं उलटं फिरलं: वहिनी म्हणत होती सवलत घेऊ, आणि आत्ती म्हणत होती भरायचं. व्याज थांबणार नव्हतं, हे वहिनीला माहीत होतं; पण किती, हे तिनं वहीत मांडलं तेव्हा तीच चपापली. घराचं कर्ज ८ लाख शिल्लक, दर ९ टक्के. सहा महिने काहीच न भरता हप्ता तोच ठेवला, तर पुढं एकूण ११ हप्ते जास्तीचे भरावे लागत होते आणि फेड सतरा महिने लांबत होती. गाडीचे मात्र सातच हप्ते उरले होते. तिथं शिल्लक थोडी, म्हणून ढकलण्याची किंमतही थोडी. तेव्हा गाडीचे हप्ते थांबवले, आणि एप्रिल-मे महिन्यांचे घराचे हप्ते पिग्मीतून भरले. ज्या पिग्मीला वहिनी वेडेपणा म्हणत होती त्याच. व्याजावरचं व्याज सरकारनं नोव्हेंबरात परत केलं, वेळेत भरणाऱ्यांनाही केलं. पण आठ लाखांवर ती रक्कम सातशेच्या आतच. वर्तमानपत्रांनी तिची बातमी पहिल्या पानावर केली होती.

त्याआधी, ऑगस्टात, आणखी एक गोष्ट घडली. सोनं तोळ्याला पन्नास हजारांच्या पुढं गेलं होतं, आणि रिझर्व्ह बँकेनं सोन्यावरच्या कर्जाची मर्यादा तात्पुरती ७५ वरून ९० टक्क्यांवर नेली होती. दादा बँकेतून खुशीत आला. पाटल्यांवरचं देणं ३१ हजारांवर आलं होतं.

“त्याच पाटल्यांवर आणखी पन्नास हजार मिळतायत,” तो म्हणाला. “वरची खोली पुरी करून भाड्यानं देऊ. भाडं येईल.”

कल्पना अगदीच वाईट नव्हती. वहिनीनं वही उघडली, पेन हातात घेतलं, आणि काही न लिहिता बंद केली. “भाडेकरू कोण? एमआयडीसीतली निम्मी पोरं गावाकडं गेल्यात.”

“येतील की परत.”

“आली की बघू,” आत्ती म्हणाली. “आणि बँकेत पुढच्या खेपेला मी जातो. तू जाऊ नको.”